कन्व्हेयरच्या डोळ्यातलं कुंकू

चेन्नईत पोलाद कापायच्या कारखान्यात मला नोकरी मिळाली ती माझ्या मेकॅनिकलच्या डिप्लोम्यामुळे की माझ्या मराठीमुळे, हे मला आजवर नीटसं कळलेलं नाही. मालक मैलापूरचे, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. आईशी मराठी, बाकी जगाशी तमिळ आणि इंग्रजी. मुलाखतीत मी प्रमाणपत्रांची फाइल पुढे केली, तर त्यांनी ती न उघडताच बाजूला सारली आणि म्हणाले, "अक्का, तें राहूं द्या. कापी होणा का? थोडं मराठी बोला कीं." एखादी जुनी बखर उघडून आतून कोणी कॉफी विचारतंय असं मला वाटलं. मी मिरजेकडचं मराठी बोलले, ते डोळे मिटून ऐकत राहिले, जसे डिसेंबरात इथल्या संगीतसभेला जाऊन गाणं ऐकतात तसे. कॉफी संपली आणि मी उत्पादनप्रमुख झाले.

माझे यजमान बँकेत होते, त्यांच्या बदलीबरोबर मी या शहरात आले. ते इथेच गेले, आजार लहानसा म्हणता म्हणता. मी परत गेले नाही याचं आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांना अजून नवल वाटतं. परत जाऊन काय करायचं होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. मुलगी पेरुंगुडीला आयटीत आहे. ती तमिळमध्ये हसते, इंग्रजीत विचार करते आणि मराठीत फक्त माझ्यावर चिडते.

मालकांच्या मराठीचं एक मर्म मला लवकरच कळलं. जी गोष्ट तमिळमध्ये सांगायची त्यांना लाज वाटायची, ती ते मला मराठीत सांगायचे. हिशेबनिसाला पगारवाढ का द्यायची नाही, ते मराठीत. रविवारी या, ते मराठीत. दिवाळीचा बोनस यंदा मिठाईच्या रूपाने का, तेही मराठीत. बाकीच्यांना कळू नये हा हेतू. पण आमच्या कारखान्यातल्या लोकांनी एवढं ओळखलं होतं की सार, म्हणजे मालक, मराठीत बोलायला लागले की कोणाचं तरी वाईट होणार आहे. शब्द कळले नाहीत तरी सगळे कान टवकारायचे. मराठीची अशी दहशत मी महाराष्ट्रातही पाहिली नाही.

कारखाना एन्नोरच्या बाजूला. बंदरातून पोलादाचे बार ट्रेलरवर येतात, आम्ही ते गिऱ्हाइकाला हव्या त्या लांबीचे कापून देतो. बार म्हणजे घरबांधणीची सळई नव्हे. काही बार माझ्या कमरेएवढे जाड असतात, आणि माझी कंबर आता मिरजेत होती तेवढी राहिलेली नाही. हे कापायला एक मोठी करवत आहे, पट्ट्यासारखी फिरणारी, जर्मनीहून आलेली, तिच्यावर मालकांचा जीव. तिला वेगळं छत, तिच्या अंगावर पाणी पडू नये म्हणून ताडपत्री, तिच्या तेलाचा डबा कुलपात. अशी ही राणीसारखी करवत, आणि तिच्या तोंडात बार घालायची पद्धत मात्र देवळाचा रथ ओढावा तशी.

क्रेन बार उचलून स्टँडवरच्या सुट्या रोलरांवर ठेवायची आणि दुसऱ्या कामाला निघून जायची. मग पाचसहा जण बारच्या मागच्या टोकाला पहारी लावायचे. इथे पहारीला कडप्पारै म्हणतात, आणि त्या नावातच जड काहीतरी उचलल्याचा आवाज आहे. पुढे उभा राहून मेस्त्री आरोळी द्यायचा, "ऐलसा!" मागचे सगळे "ऐलसा!" म्हणून जोर लावायचे आणि बार तसूभर पुढे सरकायचा. ही माणसं शेजारच्या कोळी वस्तीतली. वाळूवरून होड्या ओढताना जी आरोळी द्यायचे, तीच घेऊन ती आमच्याकडे आली होती. खाडीत वीजकेंद्रांची राख आली आणि मासे पळाले, तेव्हा होड्यांच्या जागी पोलाद आलं. आरोळी तेवढी जुनीच राहिली.

या आरोळीचा धनी म्हणजे आमचा मेस्त्री. पन्नाशीचा, मिशा काळ्या केलेल्या, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा अशा सरळ की पट्टी धरून मारल्यात. स्वतःच्या आवाजाचा त्याला भारी अभिमान. त्याचं म्हणणं असं की बार ताकदीने हलत नाही, त्याच्या आवाजाने हलतो. तो एकदा मुलीच्या बारशाला रजेवर गेला तेव्हा त्या दिवशी कापकाम निम्मं झालं, हा दाखला तो मला दर आठवड्याला द्यायचा. त्या दिवशी वीज गेली होती, हे मी दर आठवड्याला सांगायचे.

एक दिवस बार रोलरच्या कडेवर आला, डगमगला आणि स्टँडवरून खाली आला. पुढे उभा असणाऱ्याचा पाय त्याच्याखाली सापडला. पुढे उभा असायचा तो मेस्त्रीच. त्याच्या डाव्या पायाचा पुढचा भाग गेला. तो ओरडला ते "ऐलसा" नव्हतं, आणि तो आवाज मला अजून कधी कधी स्वयंपाक करताना ऐकू येतो.

त्यानंतर मालकांनी जे केलं त्याला ते कार्यवाही म्हणत. जमिनीवर एक पिवळी रेघ मारली. भिंतीवर एक मोठं पोस्टर लावलं, त्यात हेल्मेट घातलेला एक गोरा माणूस हसत अंगठा दाखवत होता. त्याचे दोन्ही पाय शाबूत होते. मी म्हटलं, साहेब, विजेवर चालणारे रोलर लावू, बार आपोआप करवतीत जाईल, कोणाला पुढे उभं राहावंच लागणार नाही. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मराठीत सुरू केलं, त्यामुळे उत्तर काय येणार ते मला आधीच कळलं. "अक्का, माणसें आहेत कीं. त्यांचं काम काढून घेतलं मणजे तीं काय करतील? पाप लागेल." माणसाचे पाय काढून घेतले तरी जे लागत नाही आणि काम काढून घेतलं तर लागतं, असं हे पाप मला नवीन होतं.

मेस्त्री तीन महिन्यांनी परत आला. डाव्या बुटाच्या पुढच्या पोकळीत त्याने यंत्रं पुसायचं चिंध्या-सूत भरून घेतलं होतं आणि तो लंगडत जाऊन पुन्हा त्याच जागी उभा राहिला. मी त्याला म्हटलं, मेस्त्री, मागे राहा. तो म्हणाला, "मागून आवाज पोचत नाही, अम्मा." त्याच्या मते पाय गेला त्याचं कारण वेगळंच होतं. आदल्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, क्रेनच्या हुकाला जे गंध-कुंकू लावलं होतं, ते स्टोअरकीपरने दुसऱ्याच दिवशी ग्रीस पुसताना पुसून टाकलं. पूजेचं कुंकू आपलं आपण जायला हवं. हाताने पुसलं की यंत्र बळी मागतं. स्टोअरकीपरने पुसलं आणि यंत्राने मेस्त्रीचा पाय घेतला. यात यंत्राचा पत्ता थोडा चुकला होता, पण ते कोणाला खटकलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे पूजेचं कुंकू पुसायला कोणाचा हात धजत नसे. इलेक्ट्रिशियन विज्ञान शाखेचा होता, तोसुद्धा.

पायाने जे झालं नाही ते एका ईमेलने केलं. आमच्या सगळ्यात मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाने लिहिलं की आमची माणसं तुमचा कारखाना बघायला येतील, जड माल हाताने ढकलला जात नाही ना याची आम्हाला खात्री करायची आहे. मालकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि पापाचा विषय पुन्हा निघाला नाही. कोइमतूरच्या एका लहान कंपनीचा कन्व्हेयर, म्हणजे तेच विजेवर फिरणारे रोलर, आला, तोही विकत नव्हे. चालवून बघा, पसंत पडला तर ठेवा, अशा बोलीवर. मालकांनी मला मराठीत समजावलं: पाहुण्यांसमोर चालला तर ठेवूं, नाहीं चालला तर त्याच लॉरीने परत. त्यांच्या मनातून तो परत जावा असंच होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पाहुणे एकदा येऊन गेले की पिवळी रेघ आणि गोरा माणूस आहेतच.

म्हणजे सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं. कन्व्हेयर चालला तर मेस्त्री बारच्या पुढून हटणार होता, नाही चालला तर अर्धा पाय घेऊन पुन्हा तिथेच. मी त्याला शब्द दिला होता की बटणाची जागा तुमची. त्यावर आनंद होण्याऐवजी त्याला अपमान वाटला. रोलरांकडे बघून म्हणाला, "याला तोंड आहे का? हा काय बार हलवणार!" मग दोन दिवस विचार करून त्याने अट घातली: खुर्ची हात असलेली पाहिजे. स्टोअरमधून प्लास्टिकची निळी खुर्ची मिळाली, हात असलेली. तिच्यावर तो बसून बघे, उठे, पुन्हा बसे. मला वाटतं, त्या खुर्चीवर बसल्यावर पाय दुखत नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं, पण ते कबूल करणं त्याच्या मिशांना झेपणारं नव्हतं.

कन्व्हेयर बसवायला कोइमतूरहून एक इंजिनियर आला. त्याने बार चढवून सगळं चालवून दाखवलं. जाडजूड रोलर फिरले आणि तो अजस्र बार मांजर चालावी तसा आवाज न करता करवतीपाशी जाऊन थांबला.  मग इंजिनियरने समजावलं. कन्व्हेयरच्या टोकाशी एका बाजूला एक छोटी डबी, समोरच्या बाजूला एक चकचकीत बिल्ला. डबीतून प्रकाश निघतो, बिल्ल्यावर आपटून परत येतो. मध्ये बार आला की प्रकाश अडतो आणि रोलर थांबतात. आता हे एवढं सांगून थांबला असता तर बरं झालं असतं. पण लोकांना नीट कळावं म्हणून त्या बिचाऱ्याने डबीवर बोट ठेवून तमिळमध्ये सांगितलं, "हा याचा डोळा. याच डोळ्याने हा बघतो." मेस्त्रीने मान डोलावली. ती मान कशाला डोलावली हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी आयुधपूजा आली. आयुधपूजेला आमच्या कारखान्यात जे जे म्हणून हलतं, वाजतं किंवा कापतं, त्या सगळ्याला गंध-कुंकू लागतं. करवतीला केळीचे खांब, क्रेनच्या हुकाला झेंडूची माळ, फोर्कलिफ्टच्या चाकांखाली लिंबं. मागच्या वर्षी हजेरीचा अंगठा घेणाऱ्या यंत्रालाही कोणी भक्तिभावाने काचेवरच टिळा लावला, आणि पुढचे काही दिवस सगळा कारखाना कागदोपत्री गैरहजर होता. त्यातून कोणी काही शिकलं असं समजायला जागा नाही.

दुपारी मालकांच्या पत्नी मैलापूरहून आल्या. जड साडी, हातात चांदीचं तबक. हिशेबाच्या खोलीतल्या मुलींना त्यांनी एकेक करून कुंकू लावलं, गजरा दिला. रांगेत पुढे मी होते. तबक माझ्यासमोर आलं, किंचित थबकलं आणि अत्यंत गोड हसून पुढे गेलं. मागून मालकांच्या पत्नीने कोणाला तरी सांगून मला सुंडल पाठवलं, हरभऱ्यांवर खोबरं भुरभुरलेलं, इतरांच्या दुप्पट. म्हणजे विधवेच्या कपाळाची भरपाई हरभऱ्यांत करायची पद्धत आहे हे मला तिथे समजलं. मी टिकली लावते, रोज लावते, यजमान होते तेव्हाही लावायचे आणि गेल्यावरही लावते, कारण कपाळ माझं आहे. पण ते ओलं कुंकू दुसऱ्याच्या बोटाने लागतं, आणि ते बोट मला वळसा घालून गेलं. मला राग आला. हो, वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, राग आला, आणि तो गिळायला मी ते सगळं सुंडल खाल्लं.

पूजेच्या वेळी मग मी लांबच उभी राहिले. यंत्रांजवळ गेले नाही. मेस्त्री अंगावर उपरणं घेऊन, हातात गंधाची वाटी घेऊन, एकेका यंत्रापाशी जाऊन नवरदेवाच्या मामासारखा मिरवत होता. कन्व्हेयरची ही पहिलीच पूजा, म्हणून त्याच्यापाशी तो बराच वेळ होता. शेवटी दरवाजात कोहळा फुटला, आत भरलेलं कुंकू रस्त्यावर पसरलं, सगळे चुरमुरे खात घरी गेले. दुसऱ्या दिवशी सुट्टी.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे हॉटेलातून निघाल्याचा फोन आला, आणि मेस्त्रीने निळ्या खुर्चीत बसून हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मोटार गुरगुरली, रोलर जागचे हलले नाहीत. इलेक्ट्रिशियनने फ्यूज बघितले, वायरी हलवून पाहिल्या, पेटीला एक थाप मारली, कारण विज्ञान शाखेत तेवढं शिकवतात. कोइमतूरला फोन लागला. तिकडून इंजिनियरने विचारलं, डोळ्यावरचा दिवा कुठल्या रंगाचा दिसतोय? मेस्त्री वाकून बघून फोनवर ओरडला, "लाल! छान लाल!" इंजिनियर म्हणाला, मग बार पुढे आलेला असणार. इकडे बार तर मागे होता. तो बुचकळ्यात पडला, आम्ही बुचकळ्यात पडलो.

मी पुढे जाऊन वाकले. डबीच्या काचेवर चंदनाचा जाड थर होता आणि त्याच्या मधोमध टपोरं, वाळलेलं कुंकू. समोरच्या बिल्ल्यावरही तसंच. डोळा आहे म्हटल्यावर मेस्त्रीने बाकी यंत्राला लावलं त्याच्या चौपट प्रेमाने तिथे लावलं होतं. कन्व्हेयरला वाटत होतं बार कधीचाच येऊन डोळ्यासमोर उभा आहे, आता कशाला हलायचं. मला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोटभर हसले मी त्या कारखान्यात.

"पुसा ते," मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं. त्याने मेस्त्रीकडे बघितलं. मेस्त्रीने स्वतःच्या बुटाकडे बघितलं. ढकलणारे पाचसहा जण एकेक पाऊल मागे सरले. क्रेनवाल्याला वर काहीतरी काम आठवलं. लहानपणी वर्गात फळा कोण पुसेल असं विचारल्यावर सगळा वर्ग हात वर करायचा, इथे सगळ्यांचे हात खिशात.

मला या कशाचीच फिकीर नव्हती. मी कपाटातून सुताची चिंधी घेतली आणि निघाले. मी ते पुसणारच होते, हे इथे मुद्दाम सांगते. काच घाण झाली आहे, काच पुसायची, एवढाच तो विषय होता माझ्यासाठी. इतक्यात मालक घाईघाईने आले, घड्याळ बघत, आणि त्यांना वाटलं मी घुटमळते आहे. ते माझ्याजवळ आले, आवाज खाली आणला आणि मराठीत म्हणाले, "अक्का, तुम्हीच पुसा. इथें सगळे संसारी आहेत. तुम्हाला काय होणार आतां?"

सगळ्यांचे कान टवकारले. सार मराठीत बोलत होते.

मी चिंधी रोलरवर ठेवली.  हा माणूस मला मराठीसाठी नोकरीवर ठेवतो, डोळे मिटून माझं मराठी ऐकतो, आणि त्या भाषेत त्याला मला सांगायचं होतं ते हे. मी वळले आणि त्यांचं वाक्य, अगदी जसंच्या तसं, तमिळमध्ये मोठ्याने सांगितलं. माझं तमिळ काही फार चांगलं नाही, त्याच्यावर सगळे हसतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही. "सार म्हणतायत की तुम्हा सगळ्यांचे संसार आहेत, म्हणून हे मी पुसावं. मला आता काय होणार."

मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. मराठीचं तमिळ होऊ शकतं, ही शक्यता इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. ते "अक्का, तसं नव्हे, तसं नव्हे" म्हणत राहिले. मी म्हटलं, "मग तुम्ही पुसा." ते घड्याळ बघू लागले. त्यांचं एमबीए झालेलं आहे, विदेशात. "मी मानत नाही हो असलं काही," ते आता इंग्रजीत म्हणाले, "पण घरी आई आहे." आणि थोड्या वेळाने म्हणाले, असू द्या, पहारी आणा, पाहुण्यांना सांगू दुरुस्तीला आहे.

पहारी भिंतीशीच होत्या. ढकलणाऱ्यांनी त्या उचलल्या. दगडासारखी मी तिथेच उभी होते आणि मनात म्हणत होते, ढकला, ढकलाच. जाऊ दे हा कन्व्हेयर लॉरीत. माझं काय जातंय. माझं काही जात नव्हतं, हे खरंच होतं, आणि म्हणून मला मालकांचा आणखीच संताप आला.

मेस्त्री खुर्चीतून उठला. मला वाटलं, निघाला आपल्या जागेवर, बारच्या पुढे. तो लंगडत तिकडे गेला नाही, माझ्याकडे आला. मिशीवरून हात फिरवला आणि तळवा पुढे केला. "चिंधी द्या, अम्मा. मी लावलं, मी पुसतो."

तो विनोद करत नव्हता. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. यंत्राने आपला एक पाय नेला तो पुसलेल्या कुंकवापायी, यावर या माणसाचा जेवढा विश्वास होता तेवढा माझा कशावरच नाही. आणि तो दुसरा पाय घेऊन माझ्यासमोर हात पसरून उभा होता. इतका वेळ कोरडी असलेली मी तिथे हलले. आणि त्याचाही मला राग आला.

"बसा खुर्चीत," मी म्हटलं. "तुमचं काम बटणाचं."

मग मी चिंधी घेतली आणि पुसलं. आधी बिल्ला, मग डोळा. चंदन वाळून घट्ट बसलं होतं. चिंधीने निघेना, तेव्हा बोट ओलं करून कडेकडेने खरवडून काढलं. आतली काच दिसायला लागली, मागे छोटा हिरवा दिवा लुकलुकला. काही कोसळलं नाही. क्रेन जागच्या जागी होती. पण माझ्या उजव्या हाताचं बोट पेरापर्यंत लाल झालं होतं, ओलं, ताजं लावल्यासारखं.

चिंधी तर बरबटलेली होती. ओढणीला पुसणार नव्हते, नवी होती. सगळे बघत होते. मालक बघत होते, क्रेनवाला वरून बघत होता, हिशेबातल्या मुली दारात येऊन उभ्या होत्या. मी ते बोट माझ्या कपाळाला लावलं, टिकलीच्या वर, चांगलं ठळक.

 मालकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या भाषेत बोलावं हे बहुधा त्यांना सुचेना. बाहेर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

मेस्त्री निळ्या खुर्चीत बसला होता, बोट हिरव्या बटणावर. दाबत मात्र नव्हता. माझ्या कपाळाकडे डोळे बारीक करून बघत होता, आपल्या तीन रेघांच्या वर भुवया चढवून.

"तिरकं लागलंय, अम्मा," तो म्हणाला.

मी करवतीच्या पेटीच्या काचेत बघितलं. तिरकंच होतं. बोटाने सरळ केलं. त्याने पुन्हा निरखून पाहिलं, मान डोलावली आणि बटण दाबलं. रोलर फिरले, तो कमरेएवढा बार अलगद पुढे निघाला. कोणी ढकलत नव्हतं, कोणी पुढे उभं नव्हतं, एका बोटाने बटण दाबणाऱ्या माणसाला ओरडायचं काही कारण नव्हतं. तरी तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन छाती फुगवून ओरडला, "ऐलसा!" आणि पहारी खाली टाकून सगळ्यांनी त्याला ओ दिली. मीही.